परीक्षेच्या यादीतील दुखणी

भौतिकोपचाराच्या परवाना-परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यापुढे दुखण्यांची एक लांबलचक यादी असते. पक्षाघात, गुडघ्याचा संधिवात, कंबरेतील सरकलेली चकती, गोठलेला खांदा, मनगटाजवळचा अस्थिभंग, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, कंपवात, मज्जारज्जूची इजा, मुलांमधील मेंदूजन्य पांगळेपणा. प्रत्येकाचे कारण कोणते, लक्षणे कोणती, तपासणी कशी करावयाची, कोणता व्यायाम केव्हा द्यावयाचा, आणि या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे काय मुळीच करावयाचे नाही, हे त्याला तोंडपाठ असावे लागते. रात्रंदिवस या यादीशी झटणाऱ्या त्या विद्यार्थ्याला ती निसर्गानेच करून ठेवली आहे असे वाटल्यास नवल नाही. वास्तविक ती इतिहासाने केलेली आहे. एका शहरातील बदनामी, दोन महायुद्धे, पोलिओच्या साथी आणि काही हट्टी स्त्रिया यांचे ठसे तिच्यावर उमटलेले आहेत; किंबहुना परीक्षा घ्यावयाची हा विचार मुळात रोगांच्या अभ्यासातून निघालेलाच नाही. तो निघाला अब्रूच्या प्रश्नातून.

ही हकीकत १८९४ सालच्या लंडनची आहे. मालिशविद्येला त्या काळात तेथे मोठी मागणी आली होती. मज्जातंतूंच्या अशक्तपणावर विश्रांती, भरपूर आहार आणि मालिश हा उपाय अमेरिकेतील डॉक्टर वेअर मिचेल यांनी लोकप्रिय केला होता, आणि श्रीमंत घराण्यांतून मालिश करणाऱ्या स्त्रियांना बोलावणी येऊ लागली होती. प्रशिक्षित परिचारिका रुग्णालयातील हलाखीचे वेतन सोडून या धंद्याकडे वळत होत्या. जेथे मागणी तेथे भामटे, हा बाजाराचा नियम येथेही लागू पडला. दोनचार आठवड्यांचे जुजबी शिक्षण देऊन जबर फी उकळावयाची, हातावर एक छापील प्रमाणपत्र ठेवावयाचे, आणि काम न मिळाल्यामुळे कर्जात बुडालेल्या मुलीला एखाद्या ‘मालिशगृहा’त लोटावयाचे, असा व्यवहार सुरू झाला. ही मालिशगृहे म्हणजे प्रत्यक्षात काय होती, हे निराळे सांगावयास नको.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या डॉक्टरांच्या प्रतिष्ठित साप्ताहिकाने या प्रकारावर कोरडे ओढण्यास सुरुवात केली. अर्नेस्ट हार्ट हे त्याचे संपादक होते, आणि समाजातील घाण उघड्यावर आणण्याची त्यांना हौसच होती. लेखांचा परिणाम मोठा झाला. परंतु अशा मोहिमेत सुक्याबरोबर ओलेही जळते. प्रामाणिकपणे मालिश करून पोट भरणाऱ्या, शरीररचना शिकलेल्या, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे काम करणाऱ्या स्त्रिया एका रात्रीत संशयास पात्र झाल्या. ‘मालिश करणारी’ एवढे शब्द उच्चारताच सभ्य माणसाच्या चेहऱ्यावर उमटणारे स्मित त्यांच्या उपजीविकेवरच घाव घालीत होते.

त्यांच्यापैकी चौघींनी हा प्रश्न हाती घेतला. रोझालिंड पॅजेट, ल्यूसी रॉबिन्सन, एलिझाबेथ मॅन्ले आणि मार्गारेट पामर अशी त्यांची नावे. चौघीही परिचारिका आणि सुईणी. यांतील पॅजेटबाई तर सुईणींच्या संघटनेतील अग्रणी होत्या आणि त्यांना सार्वजनिक कामाचा चांगला अनुभव होता. बदनामीला उत्तर म्हणून वर्तमानपत्रांना खुलासे पाठविता आले असते, खटले भरता आले असते. या स्त्रियांनी तसे न करता १८९४ च्या अखेरीस ‘सोसायटी ऑफ ट्रेन्ड मॅसूझेस’ ही संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी परीक्षा घेतली. खरी कोण आणि खोटी कोण हे जगाला कळण्याचा दुसरा मार्ग नाही, म्हणून बाहेरच्या परीक्षकांपुढे बसावयाचे, लेखी उत्तरे द्यावयाची, प्रत्यक्ष हात चालवून दाखवावयाचा आणि उत्तीर्ण झाल्यावरच नाव नोंदवावयाचे, असा हा सरळ हिशेब होता.

संस्थेचे नियमही पाहण्यासारखे आहेत. डॉक्टरांच्या आदेशावाचून मालिश करावयाची नाही. पुरुषांना सर्वांगाची मालिश करावयाची नाही. निकडीच्या आणि शुश्रूषेच्या प्रसंगी डॉक्टरांनी खास विनंती केली तरच अपवाद. वैद्यकीय पत्रांखेरीज कोठेही जाहिरात द्यावयाची नाही. रुग्णाला औषधे विकावयाची नाहीत. या चारही नियमांत रोगाचे नाव कोठेच येत नाही. आणि पहिल्या नियमाची किंमत पुढील पिढ्यांना फार काळ मोजावी लागली. बदनामीपासून वाचण्यासाठी या व्यवसायाने डॉक्टरांचे छत्र स्वीकारले; त्याबरोबर स्वतः निदान करण्याचा हक्कही सोडून दिला. त्या वेळी दुसरा इलाज होता असे म्हणता येत नाही. परंतु ब्रिटनमध्ये हा हक्क सरकारी पातळीवर परत मिळावयास १९७७ साल उजाडले. अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून भौतिकोपचार घेण्याची वाट नेब्रास्का राज्याने १९५७ मध्ये सर्वप्रथम मोकळी केली, आणि इतर राज्ये पुढे कित्येक वर्षे एकेक करून तिच्यामागून आली.

आरंभीची परीक्षा बव्हंशी शरीररचनेची आणि हाताच्या कौशल्याची होती. मार्गारेट पामर यांनी १९०१ मध्ये मालिशीचे धडे या स्वरूपाचे पुस्तक लिहिले आणि विद्यार्थिनींना अभ्यासाचे साधन मिळाले. नंतर स्वीडिश पद्धतीच्या व्यायामांचा विषय आला. स्टॉकहोम येथे पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्थापन केलेल्या शाही व्यायामसंस्थेत रोगपरिहारक व्यायामाची शाखा पूर्वीपासून होती आणि युरोपभर तिचा दबदबा होता. त्यानंतर विद्युत्-उपचार आला. अभ्यासक्रम असा थराथराने वाढत गेला. परंतु त्याचा मध्यबिंदू उपचाराचे साधन हाच होता. हात, व्यायाम, वीज ही परीक्षेची प्रकरणे होती. रुग्णाचे दुखणे हे प्रकरण व्हावयाचे होते.

ते झाले पहिल्या महायुद्धाने. १९१४ च्या ऑगस्टमध्ये अल्मेरिक पॅजेट आणि त्यांच्या पत्नीने पन्नास प्रशिक्षित मालिशकर्मींचे पथक सरकारला देऊ केले. युद्ध संपेपर्यंत या पथकातील कर्मचाऱ्यांची संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. श्रीमंत घरांतील थकलेल्या स्त्रियांऐवजी आता त्यांच्यापुढे हात तुटलेले, चेतातंतू छेदले गेलेले, महिनोन्‌महिने फळीला बांधल्यामुळे सांधे आखडलेले तरुण सैनिक होते. ‘पुरुषांना मालिश नाही’ हा नियम खंदकांच्या चिखलात कोठल्या कोठे गडप झाला. कापलेल्या पायाचा उरलेला भाग कसा बांधावा, कृत्रिम पाय चढविण्यापूर्वी मांडीचे कोणते स्नायू बळकट करावे, मनगट खाली लोंबत असेल तर दंडातील कोणती नस दुखावली असेल, हे प्रश्न परीक्षेसाठी कोणी बसून काढलेले नाहीत. ते रुग्णालयाच्या दालनात रांगेने उभे होते. युद्धात दृष्टी गेलेले काही सैनिक स्वतःच मालिश शिकून या परीक्षांना बसले आणि उत्तीर्ण झाले, ही हकीकतही येथे नोंदविण्यासारखी आहे. बोटांना जे कळते त्याला डोळ्यांची साक्ष लागत नाही, हे त्यांनी परीक्षकांना दाखवून दिले. १९२० मध्ये संस्थेला राजसनद मिळाली, मँचेस्टरची समव्यवसायी संस्था तीत विलीन झाली आणि पुरुषांनाही बरोबरीचे स्थान मिळाले. ‘फिजिओथेरपी’ हे नाव मात्र तिने १९४४ मध्ये धारण केले.

अमेरिकेत हीच कथा थोड्या निराळ्या वळणाने घडली. तेथे १९१७-१८ मध्ये सैन्याने ‘पुनर्रचना साहाय्यक’ या नावाने स्त्रियांची भरती केली. मेरी मॅकमिलन यांनी ऑरेगनमधील रीड कॉलेजात त्यांचे मोठे वर्ग चालविले आणि १९२१ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना उभी करून तिचे पहिले अध्यक्षपद भूषविले. त्याच वर्षी मालिश आणि उपचारात्मक व्यायाम या विषयावरील त्यांचे पुस्तकही प्रसिद्ध झाले. घायाळ सैनिक घरी गेले, तशी ही संघटना ओसरावयास हवी होती. ती ओसरली नाही, याचे कारण सैनिकांची जागा लहान मुलांनी घेतली.

पोलिओ या रोगाने अमेरिकेत पहिला मोठा घाला घातला तो व्हर्मांट राज्यातील रटलंड परगण्यात, आणि तोही १८९४ मध्येच. एकशे बत्तीस रुग्णांची ती साथ एका जागरूक डॉक्टराने नोंदून ठेवली. बावीस वर्षांनी, १९१६ मध्ये, न्यूयॉर्क शहरात नऊ हजारांवर माणसे या रोगाने आजारी पडली आणि सुमारे चोवीसशे दगावली. त्यांत बहुतेक मुले. जी वाचली त्यांच्या पायांचे काय करावयाचे, हा प्रश्न आईबापांपुढे आणि डॉक्टरांपुढे उभा राहिला.

येथे परीक्षेच्या इतिहासातील एक नाव विशेष आदराने घेतले पाहिजे. बोस्टनचे अस्थिशल्यज्ञ रॉबर्ट लव्हेट यांच्या साहाय्यक विल्हेल्मिना राइट यांनी १९१२ मध्ये पोलिओग्रस्त स्नायूंच्या शिक्षणावर एक निबंध प्रसिद्ध केला. पोलिओ सर्व स्नायूंवर सारखा आघात करीत नाही. मांडीचा एक स्नायू मृतवत होतो, शेजारचा निम्मा उरतो, तिसरा शाबूत असतो. नुसते ‘पाय लुळा आहे’ म्हणून भागत नाही. कोणता स्नायू किती उरला आहे हे मोजल्यावाचून व्यायाम देणे म्हणजे अंधारात बाण मारणे होय. राइटबाईंनी मोजपट्टी म्हणून वापरली ती सर्वांना फुकट उपलब्ध असलेली पृथ्वीची ओढ. स्नायू अवयवाला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलू शकतो काय? उचलू शकत असेल तर वर हाताचा दाब दिला असता टिकतो काय? उचलू शकत नसेल तर अवयव टेबलावर आडवा ठेवून, वजनाचा भार काढून घेतला असता सरकवू शकतो काय?

या साध्या प्रश्नांतून शून्य ते पाच ही श्रेणी पुढे पक्की झाली. शून्य म्हणजे काहीच हालचाल नाही. एक म्हणजे बोटांखाली नुसती थरथर जाणवते. दोन म्हणजे भार काढल्यावर हालचाल. तीन म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पूर्ण हालचाल. चार म्हणजे काही विरोध सोसून. पाच म्हणजे निकोप बळ. लव्हेट यांनी शरीरक्रियाशास्त्रज्ञ मार्टिन यांच्या साहाय्याने ताणकाटा लावून पौंडांत बळ मोजण्याचीही पद्धत काढली होती आणि ती अधिक काटेकोर होती. परंतु टिकली ती हाताची. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, चेतातंतूंच्या जखमांसाठी अशीच श्रेणी प्रसिद्ध केली आणि ती जगभर पसरली. आज बेळगावच्या किंवा इंदूरच्या रुग्णालयात एखादा विद्यार्थी रुग्णाच्या गुडघ्यावर तळवा टेकवून ‘तीन’ असा आकडा लिहितो, तेव्हा शतकापूर्वीच्या पांगळ्या मुलांनी शिकविलेला धडाच तो गिरवीत असतो. पोलिओ त्याने कदाचित पाहिलेलाही नसतो.

परंतु मोजमाप अचूक असले म्हणून उपचारही अचूक होता असे समजू नये. दुखऱ्या पायाला प्लास्टरात किंवा फळीत महिनोन्‌महिने जखडून ठेवावयाचे, म्हणजे निरोगी स्नायू दुबळ्या स्नायूंना ओढून अवयव वाकडा करणार नाहीत, असा त्या काळचा सिद्धान्त होता. परीक्षेत हेच उत्तर बरोबर ठरत होते. या उत्तराला आव्हान दिले ते कोणतीही परीक्षा उत्तीर्ण न झालेल्या एका बाईने. एलिझाबेथ केनी या ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या रानवट मुलुखात घोड्यावरून फिरून शुश्रूषा करीत. परिचारिकेचे रीतसर शिक्षण त्यांच्यापाशी नव्हते; ‘सिस्टर’ ही उपाधी पहिल्या महायुद्धातील सैनिकी सेवेत मिळालेली. वेदनेने आखडलेल्या स्नायूंना त्या उकळत्या पाण्यातून पिळून काढलेल्या लोकरीच्या पट्ट्यांनी शेकीत आणि फळ्या काढून टाकून अवयव हलवावयास लावीत. क्वीन्सलँड सरकारने नेमलेल्या आयोगाने १९३८ मध्ये त्यांच्या पद्धतीचा धिक्कार केला. १९४० मध्ये त्या अमेरिकेत गेल्या आणि मिनियापोलिस येथील डॉक्टरांनी त्यांना प्रयोगाची संधी दिली. दोनच वर्षांत तेथे त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली आणि देशभरातील भौतिकोपचारतज्ज्ञ ती पद्धत शिकावयास येऊ लागले.

केनीबाईंचा सिद्धान्त चुकीचा होता. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील चालक पेशींचा नाश करतो. त्या मात्र रोग मुख्यतः स्नायूंत आहे असे आग्रहाने सांगत राहिल्या आणि शंका घेणाऱ्या डॉक्टरांशी भांडत राहिल्या. उपचार मात्र त्यांचाच खरा ठरला. फळ्या गेल्या, शेक आणि हालचाल आली, आणि अभ्यासक्रमातील ‘बरोबर’ उत्तर बदलले. ज्या व्यवसायाने आपली अब्रू परीक्षेच्या पायावर उभारली त्याला आपल्या सर्वांत मोठ्या दुखण्याविषयीचे शहाणपण एका बिनपरीक्षेच्या बाईकडून घ्यावे लागले, यातील विसंगती तेव्हाच्या परीक्षकांना जाणवली असेल काय? निदान लंडनच्या बर्टा बोबाथ यांच्या बाबतीत शेवट गोड झाला. बर्लिनच्या व्यायामविद्येत तयार झालेल्या आणि हिटलरशाहीतून निसटून आलेल्या या बाईंनी १९४० नंतरच्या दशकात पक्षाघाताच्या रुग्णांसाठी आणि मेंदूजन्य पांगळेपणाच्या मुलांसाठी आपली नवी पद्धत आधी रचली आणि मग, १९५० मध्ये, सनदी संस्थेची पात्रता संपादन केली. तोपर्यंत पक्षाघाताच्या रुग्णाची चांगली बाजू बळकट करून त्याला कसेबसे चालते करावे, एवढेच ध्येय असे. बोबाथबाईंनी लक्ष वळविले ते लुळ्या बाजूकडे. त्यांच्या सिद्धान्तावरही पुढे पुष्कळ टीका झाली आणि पद्धतीतही बदल झाले, हे खरे. पण लुळी बाजू परत मिळविता येईल हा प्रश्न परीक्षेत आला तो त्यांच्यामुळे.

यादीतील इतर नावांचाही असाच एकेक इतिहास आहे. मनगटाजवळच्या ज्या अस्थिभंगाला कोलिस यांचे नाव आहे, त्याचे वर्णन डब्लिनच्या अब्राहम कोलिस यांनी १८१४ मध्ये केले, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्यापूर्वी ऐंशीहून अधिक वर्षे, केवळ हाताने चाचपून. चेहऱ्याच्या पक्षाघाताला बेल यांचे नाव मिळाले ते सर चार्ल्स बेल यांनी १८२१ मध्ये चेहऱ्याच्या चेतातंतूविषयी मांडलेल्या संशोधनामुळे. ‘गोठलेला खांदा’ हा शब्द बोस्टनचे शल्यज्ञ अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये रूढ केला, आणि त्याची नेमकी व्याख्या करणे अवघड आहे हेही त्यांनीच प्रामाणिकपणे सांगून टाकले. त्याच वर्षी आणि त्याच शहरात मिक्स्टर आणि बार या दोघा डॉक्टरांनी कंबरेतील चकती सरकल्यामुळे पायात कळ येते हे दाखवून दिले.

या शेवटच्या शोधाने फायदा झाला तसा तोटाही झाला. सरकलेली चकती जागेवर यावी म्हणून कंबरदुखीच्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे अंथरुणात निजवून ठेवण्याची प्रथा पडली. कठीण बिछाना, सक्त विश्रांती हेच प्रत्येक घरात ऐकू येणारे वैद्यकीय वाक्य होते. १९८६ मध्ये अमेरिकेतील डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या कंबरदुखीच्या रुग्णांचे दोन गट केले. एकाला दोन दिवसांची विश्रांती सांगितली, दुसऱ्याला सात दिवसांची. दोन दिवसवाले काही कमी बरे झाले नाहीत. उलट कामावरील त्यांची गैरहजेरी कमी भरली. आज कंबरदुखीला दीर्घ विश्रांती असे उत्तर लिहिणारा विद्यार्थी गुण गमावतो. १९५५ मध्ये हेच उत्तर लिहिणारा पहिला आला असता.

आपल्याकडे हाडे बसविणारे आणि अंग रगडणारे लोक कधीच कमी नव्हते. तालमीतील वस्ताद, गावचा हाडवैद्य, बाळंतिणीला तेल लावणारी बाई ही मंडळी पिढीजात ज्ञानावर चालत. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रो. माणिकराव यांची कीर्ती व्यायामाइतकीच हाडांच्या उपचारासाठीही होती. आयुर्वेदातील स्नेहन-स्वेदनाची परंपरा तर प्राचीनच आहे. परंतु नावनोंदणी, अभ्यासक्रम आणि परीक्षा या अर्थाने भौतिकोपचार भारतात आला तो मुंबईत, आणि येथेही तो पोलिओच्या पाठीवर बसून आला.

फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला तेव्हा त्यांना मुंबईत योग्य उपचार मिळेना. मद्रासचे डॉ. किणी यांच्याकडे मुलीला नेऊन त्यांनी तिला पायावर उभी केली. आणि आपल्याला जे हिंडूनफिरून मिळवावे लागले ते इतरांना दारात मिळावे म्हणून १९४७ मध्ये, डॉ. अ. वि. बाळिगा यांच्या साहाय्याने, मुंबईत पांगळ्या मुलांसाठी उपचारकेंद्र उघडले. त्यातूनच पुढे हाजी अलीचे मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दुसरे नाव कमलाबाई निंबकर यांचे. जन्माने अमेरिकन असलेल्या या बाईंनी महाराष्ट्रीय गृहस्थाशी विवाह करून हा देश आपला मानला आणि १९५० मध्ये परळच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा काढली. त्याच रुग्णालयात, पोलिओच्या साथीने मुंबईला हवालदिल केल्यानंतर, जागतिक आरोग्य संघटना, भारत सरकार आणि मुंबई महानगरपालिका यांच्या सहकार्याने भौतिकोपचाराची पहिली शाळा सुरू झाली. या व्यवसायाची अखिल भारतीय संघटना १९५५ मध्ये स्थापन झाली.

अभ्यासक्रम अर्थातच ब्रिटिश वळणाचा होता, आणि रुग्ण हिंदुस्थानी. ही विसंगती सर्वांत ठळकपणे दिसली ती कुष्ठरोगात. लंडनच्या पुस्तकात कुष्ठरोग्याच्या वाकड्या बोटांना जागा असण्याचे कारण नव्हते. इकडे मात्र असे हात लाखांनी होते. वेलूर येथे शल्यज्ञ पॉल ब्रँड यांनी १९४८ च्या सुमारास या बोटांवर शस्त्रक्रिया करण्यास प्रारंभ केला. बोट वाकविणाऱ्या दोन स्नायुबंधांपैकी एक काढून तो निकामी झालेल्या लहान स्नायूंच्या जागी जोडावयाचा, अशी ती युक्ती. पण शस्त्रक्रियेने काम अर्धेच होते. आयुष्यभर बोट वाकविण्यासाठी वापरलेला स्नायू आता ते सरळ करण्यासाठी वापरावयाचा, हे रुग्णाच्या मेंदूला शिकवावे लागते, आणि तेही बोटाला स्पर्शज्ञान नसताना. हे काम भौतिकोपचारतज्ज्ञाचे. शस्त्रक्रियेआधी कित्येक आठवडे तेलपाणी करून बोटे मऊ करावयाची, आणि नंतर रोज थोडे थोडे शिकवावयाचे. भारतातील विद्यार्थ्यांच्या यादीत ‘कुष्ठरोगातील नखरी हात’ हे प्रकरण आहे ते या अनुभवाचे फळ होय.

परवान्याच्या बाबतीत मात्र आपली गती मंद राहिली. अमेरिकेत व्यावसायिक संघटनेने १९५४ मध्ये परीक्षाशास्त्रातील तज्ज्ञांच्या मदतीने एक समान परवाना-परीक्षा तयार केली आणि राज्ये ती स्वीकारीत गेली. भारतात पदवी हाच परवाना समजला जाई. दिल्लीने १९९७ मध्ये आणि महाराष्ट्राने २००२ मध्ये परिषदेचे कायदे केले. बहुसंख्य राज्यांत तेवढेही नव्हते. परिणाम असा की, चार-साडेचार वर्षे शिकलेला पदवीधर आणि रविवारच्या शिबिरात दोन यंत्रे चालवावयास शिकलेला गृहस्थ शेजारीशेजारी एकसारखीच पाटी लावू शकत होते. १८९४ च्या लंडनमध्ये ज्या प्रश्नाने चौघींना अस्वस्थ केले तोच हा प्रश्न, आणि त्याची झळही तेथल्याप्रमाणेच प्रामाणिक माणसाला आणि अजाण रुग्णाला. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत केला; त्यात भौतिकोपचाराचा समावेश आहे आणि समान परीक्षेची तरतूदही आहे.

पोलिओचा भारतातील अखेरचा नैसर्गिक रुग्ण २०११ च्या जानेवारीत हावडा जिल्ह्यात आढळला आणि मार्च २०१४ मध्ये या प्रदेशाला पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित करण्यात आले. तरीही हे दुखणे यादीतून पुसले गेलेले नाही. बालपणी पोलिओ होऊन सावरलेल्या पुष्कळांना तीसचाळीस वर्षांनी पुन्हा अशक्तपणा येऊ लागतो, हे १९८० नंतर जगभरच्या डॉक्टरांच्या ध्यानात आले. वाचलेल्या पेशींनी मेलेल्या पेशींचे काम इतकी वर्षे ओढले, आणि आता त्या थकल्या. अशा रुग्णाला दम लागेपर्यंत व्यायाम दिल्यास उरलेसुरले बळही जाण्याचा धोका असतो. त्याला मोजका व्यायाम, मध्ये विसावा आणि गरज पडल्यास काठी किंवा कमरपट्टा सांगावयाचा असतो. १९५० च्या दशकात ज्या मुलांना ‘आणखी जोर लाव’ म्हणून शिकविले गेले, तीच माणसे म्हातारपणी पुन्हा त्याच टेबलावर येऊन निजतात, आणि आता जोर लावू नका हे त्यांना पटवून देणे हा त्या उपचारातील सर्वांत अवघड भाग असतो.